पातळ होणारं ड्रेसिंग असं दाट झालं

मंडईतून कोवळी काकडी आणि लेट्यूस आणलं की मी घरी दह्याचं ड्रेसिंग करायचे. चव छान, पण पानं वाढेपर्यंत वाडग्याच्या तळाशी पाणी साचलेलं आणि वर तेलाचे तवंग. फार वाईट वाटायचं.

दह्यातलं पाणी आधीच काढायला हवं होतं. आता अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये 3-4 तास निथळू देते. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं कोरडं मात्र नको. खाली जमलेलं पाणी कणीक मळायला घेते, पोळ्या मऊ होतात.

दुसरी गोष्ट मोहरी. आईची फेसलेली मोहरी आठवली. मोहरीच्या सालातला चिकटपणा तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. एक चमचा मोहरीची पूड थोड्या पाण्यात चांगली फेसायची, त्यात अर्धी लसूण पाकळी ठेचून घालायची. मग चक्का, आणि 3 चमचे तेल अगदी थेंबथेंब, सतत फेटत. इथे घाई केली की फाटलंच! मिक्सर अजिबात नको, त्यात चक्का सैल पडतो. रवीही नको, साधा काटा पुरे. लिंबू, मिरपूड, चिमूटभर साखर शेवटी.

आणि काकडी! तिला मीठ लावून 15 मिनिटं ठेवायची, कोशिंबिरीला पिळतो तशी पिळायची. ड्रेसिंगमध्ये मग मीठ बेतानं. काल रात्रीचं उरलेलं आज दुपारीही तसंच दाट होतं.