इंजिन सुरू झालं की रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्रावर रेषा: माझा अनुभव

नुसती चावी फिरवून रिव्हर्स टाकला तर चित्र स्वच्छ. इंजिन सुरू केलं की आडव्या रेषा, मधूनच काळा पडदा. कॅमेरा बदलला, व्हिडिओ केबल बदलली, अर्थ नवीन दिला, फरक शून्य. दोन रविवार असेच गेले.

दोष कॅमेऱ्याच्या सप्लायमध्ये होता. तो रिव्हर्स दिव्यावरून घेतलेला. इंजिन चालू असताना गाडीचं कंट्रोल युनिट दिव्याला सलग नाही, तुटक-तुटक व्होल्टेज देतं. बल्बला ते चालतं, कॅमेऱ्याला नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून तिथे सगळं ठीकच वाटतं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. १२ व्होल्टचा चार पिनांचा रिले (छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच) घ्या. दिव्याची वायर फक्त रिले चालू करेल, कॅमेऱ्याला सप्लाय दुसऱ्या, सलग व्होल्टेजच्या वायरीतून मिळेल. दिव्याच्या पॉझिटिव्ह वायरीतून १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) ८६ नंबरच्या पिनला, डायोडवरची पट्टी रिलेकडे. ८५ला अर्थ. ८६-८५च्या मध्ये १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. त्याची निगेटिव्ह बाजू ८५कडेच, उलटा लावला तर फुटतो. कपॅसिटर तुटक व्होल्टेजमधली पोकळी भरून काढतो, तो नसेल तर रिले टकटक वाजत राहतो. ३०ला स्टिरिओच्या अ‍ॅक्सेसरी वायरीतून (चावी फिरवल्यावर सप्लाय देणारी) २ अँपिअर फ्यूजमार्गे सप्लाय. ८७वरून कॅमेऱ्याची लाल वायर आणि स्टिरिओची रिव्हर्स ट्रिगर (स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र आणणारी वायर), दोन्ही.

अर्थच्या बोल्टखालचा रंग चकाकी दिसेपर्यंत खरवडा. जोड सोल्डर करून हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत काळ्या टेपचा गोंद पाघळतो आणि जोड उघडे पडतात.