विद्युत इंजिनाचा अभ्यास ‘लोकमान्य’पासून सुरू करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माध्यमाची मुले आयटीआय किंवा इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून रेल्वेतील सहायक लोको पायलटच्या (इंजिनचालकाच्या सहायकाच्या) भरतीची तयारी करतात, तेव्हा बहुतेक जण थेट आजच्या थ्री-फेज (तीन कलांच्या एसी मोटरींवर चालणाऱ्या) इंजिनांच्या आकृत्या हाती घेतात. मिरज-लोंढा मार्गावर तीच इंजिने रोज दिसतात, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. मला मात्र हा विषय खऱ्या अर्थाने उमगला तो डब्ल्यूसीएम-५ या विद्युत इंजिनांच्या जुन्या वर्गामुळे.

१५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालणाऱ्या या वर्गातील पहिले इंजिन, ‘लोकमान्य’, १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सेवेत दाखल झाले. पश्चिम बंगालमधील चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात तयार झालेले ते पहिलेच विद्युत इंजिन. ज्या बेळगावात टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग स्थापन केली, तिथल्या विद्यार्थ्याला हे नाव वाचून आपलेपणा वाटल्याशिवाय राहत नाही.

या इंजिनाला सहा ट्रॅक्शन मोटरी, म्हणजे चाके फिरवणाऱ्या मोटरी, होत्या. मोटर फिरताना स्वतःही पुरवठ्याच्या उलट असा विरोधी विद्युतदाब निर्माण करते; थांबलेल्या मोटरीत तो नसल्याने तिला थेट वीज दिली, तर प्रचंड प्रवाहाने वेटोळी जळतील. म्हणून सुरुवातीला सहाही मोटरी एकसरीत (एकापुढे एक) जोडतात आणि त्यांच्यासोबत प्रवाह अडवणारे रोधक ठेवतात. वेग वाढला की विरोधी दाब वाढतो, प्रवाह उतरतो, आणि चालक वेगनियंत्रक दांड्याचा एकेक नॉच (टप्पा) पुढे घेत रोधक वगळत जातो. सगळे रोधक निघाले की प्रत्येक मोटरीच्या वाट्याला २५० व्होल्ट येतात. पुढे दोन-दोन मोटरींच्या तीन समांतर शाखा केल्या की ७५० व्होल्ट मिळतात. रोधकांत वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून मधल्या नॉचवर गाडी फार वेळ चालवत नाहीत. कोणत्या नॉचला कोणते कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच) जोडलेले असतात, याचा तक्ता पाठ न करता प्रत्येक नॉचचे विद्युत मंडल (सर्किट) कोऱ्या कागदावर स्वतः काढावे. एवढे हाताखालून गेले की थ्री-फेज इंजिनात रोधकांची गरज का उरली नाही, तिथे कन्व्हर्टर हे इलेक्ट्रॉनिक उपकरण दाब आणि वारंवारता दोन्ही कशी बदलतो, हे समजायला वेळ लागत नाही.

या भरतीची संगणकावरची लेखी परीक्षा मराठीतून देता येते. नजर मात्र चष्म्याशिवाय ६/६ लागते आणि रंगही अचूक ओळखता यावे लागतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधीच डोळे तपासून घ्यावेत.