घरात कोंकणी, हातात मराठी पेपर

वाचक सर्वेक्षणाच्या कामाला मी लागले ती फोंडा आणि सत्तरी तालुक्यांतून. या क्षेत्रात येणाऱ्याने आधी एनसीसीएस, म्हणजे ग्राहक घरांची गटवारी करायची पद्धत, समजून घ्यावी. ती २०११पासूनची. त्याआधी शहरी घरातल्या मुख्य कमावत्याचा व्यवसाय आणि शिक्षण बघत. एनसीसीएसमध्ये व्यवसाय गाळला. कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती, यावरून घर ए१ ते ई३ अशा १२ गटांपैकी एकात बसतं. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी हे पटापट विचारून होतं. त्याच यादीत शेतजमीनही आहे, आणि गोव्यात घोडं तिथेच अडतं.

वाळपईच्या पुढच्या एका गावात मी "शेत आहे का?" विचारलं. काकी म्हणाल्या, "आसा मगो." मी खूण केली. निघताना कळलं, शेत भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, हे घर कूळ. प्रश्न मालकीचा होता, मी नुसतं "आहे का" विचारलं. खूण खोडली. तेव्हापासून "कोणाच्या नावावर?" हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तसंच कमावत्याचं. सोप्यावर बसून उत्तरं देतात आजोबा, पण घर चालतं बोटीवरच्या मुलाच्या पगारावर. शिक्षण त्या मुलाचं लिहायचं.

माझी मोठी चूक मात्र भाषेच्या रकान्यात झाली. त्याच काकींच्या नावापुढे मी "कोंकणी" लिहिलं आणि थांबले. त्यांनीच हटकलं, "आमी घरांत कोंकणी उलयतात, पूण पेपर मराठीच वाचतात." चुलीजवळच्या फळीवर पेपरची चळत होती, वरच्या अंकातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. बोलण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा वेगळी विचारली नाही, तर असा वाचक तक्त्यातून पुसलाच जातो. गोव्यात अशी घरं ढिगाने आहेत. त्यात टीव्हीच्या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा एकाच बाजारपेठेत धरतात, त्या बेरजेत आमचा आवाज आधीच बारीक. म्हणून इथे प्रत्येक फॉर्म नीट भरला जावा, असं मला कळकळीने वाटतं.

वयोगट, शहरी-ग्रामीण हे रकाने दोन दिवसांत हातात बसतात.

आता आयएसईसी ही घरांच्या गटवारीची नवी पद्धत आली आहे. तिच्यात व्यवसाय परत आला, आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाबरोबर सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षणही मोजतात. शब्दकोडं सोडवणाऱ्या काकींना मी शिक्षण विचारलंच नव्हतं. फॉर्ममध्ये तो प्रश्न फक्त कमावत्यासाठी होता.