वाटाण्याच्या दोन वाट्या

आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात हे वाटाण्याच्या झाडांवर शोधणाऱ्या मेंडेलचं ‘तीनास एक’ हे गुणोत्तर माझ्या नववीतल्या भाच्याला तोंडपाठ होतं, पण ते का, असं विचारलं की गाडी अडायची. एका रविवारी त्याला नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात बसवला आणि पुढ्यात दोन वाट्या ठेवल्या. तुम्हीही करून बघा, तासाभराचं काम आहे.

वाण्याकडून पांढरा आणि हिरवा सुका वाटाणा पाव-पाव किलो आणा. मंडईतल्या ओल्या शेंगा नकोत. त्या कोवळ्याच तोडतात, त्यामुळे पुढे पिवळा होणारा दाणाही तेव्हा हिरवाच दिसतो. दोन्हींतले चार-चार दाणे रात्री भिजवा आणि सकाळी साल काढा. एकाची डाळ पिवळी, दुसऱ्याची हिरवी. आपला वाणी ज्याला पांढरा म्हणतो, तोच मेंडेलचा पिवळा!

आता एक वाटी आईची, एक बाबांची. प्रत्येकीत वीस पिवळे, वीस हिरवे सुके दाणे मिसळा, कारण दोघांकडेही दोन्ही गुण आहेत आणि मुलाला त्यातला कुठलाही एकच मिळणार. न बघता दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा काढायचा, जोडी वहीत लिहायची आणि दाणे ज्या त्या वाटीत परत टाकायचे. आधी मी राजमा आणि चवळी घेतली होती. पठ्ठ्या बोटांनी चाचपून हवा तो दाणा काढत होता!

जोडीत एक जरी पिवळा असला तरी पिवळा मोजायचा. पिवळा प्रभावी आहे. दोन्ही हिरवे आले तरच हिरवा. चाळीस जोड्यांत आमचे ३३ पिवळे, ७ हिरवे. भाचा खट्टू झाला, त्याला तीस-दहा हवे होते. मग आणखी शंभर काढायला लावले. एकूण १०४ आणि ३६. आता चेहरा खुलला.

मेंडेलने हे खरोखरच्या झाडांवर केलं, १८५६ ते १८६३, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नोच्या मठात. वाटाण्याचं फूल स्वतःच स्वतःचं परागण करून घेतं, म्हणून कळीतच पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. पिवळ्या-हिरव्याच्या संकरातून आधी सगळे पिवळेच आले. त्यांच्या पुढच्या पिढीत ८०२३ दाणे, पैकी ६०२२ पिवळे, २००१ हिरवे. आईबापांचे गुण चहात दूध मिसळावं तसे एकजीव होतात, हा तेव्हाचा समज. पण चहातलं दूध कधी परत वेगळं निघतं? इथे हिरवा जसाच्या तसा बाहेर आला.

वहीतल्या पिवळ्या जोड्या पुन्हा बघा. तीनांतल्या साधारण दोघींच्या पोटात हिरवा दडलेला सापडेल. मेंडेलने पिवळ्या दाण्यांची ५१९ झाडं वाढवली. ३५३ झाडांना दोन्ही रंगांचे दाणे लागले, १६६ ना फक्त पिवळे. हे १८६६ मध्ये छापून आलं आणि १९०० पर्यंत जवळजवळ तसंच पडून राहिलं.

एक मात्र करू नका: माणसाची उंची किंवा कातडीचा रंग या वाट्यांत बसवू नका. तिथे पुष्कळ जनुकं एकत्र काम करतात.

भाच्याने सहा पिवळे दाणे गॅलरीतल्या कुंडीत पेरलेत, हिरवा निघतो का बघायला. बाजारातला वाटाणा शुद्ध वाणाचा असतो, पिवळ्याला पिवळेच लागणार, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.