प्रीमियर पद्मिनी गाडीचा अल्टरनेटर: नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा?

बॅटरी उतरली की लोक सरळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, खोलायला लावतात, तसं करू नका राव. आधी मल्टिमीटर लावा, गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6 च्या आसपास व्होल्ट पाहिजेत आणि चालू करून जरा रेस दिली की 13.8 ते 14.4. चढतच नसेल तर पट्टा बघा, अर्थिंग बघा, आणि चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतोय का ते बघाच, कारण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग बंद आणि शिमगा अल्टरनेटरच्या नावानं.

हे सगळं ठीक असेल तरच काढा, आणि बॅटरीची वायर आधी सोडा. माझं म्हणाल तर बॉडी फुटलेली नसेल आणि रोटर (आतला फिरणारा भाग) धड असेल तर जुनाच करून घ्या, ब्रॅकेट पुली सगळं जागच्या जागी बसतं. मीटर ओहमवर ठेवून रोटरच्या दोन रिंगांवर लावा, साधारण 3 ते 5 ओहम आले तर चांगला, रिंग आणि बॉडीमध्ये मात्र काहीच दाखवायला नको. रिंगांना खोल चर पडली असेल तर लेथवर हलका कट मारून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची काय कमी हाय! कार्बन (रिंगांवर घासणारे ब्रश) आणि दोन्ही बेअरिंग तर बदलाच, खोललंय तर परत कशाला खोलायचं. डायोड (एसी करंटचा डीसी करणारे) एकेक तपासायला लावा, एक जरी गेला तरी चार्जिंग अर्धवट होतं. स्टेटर (रोटरभोवतीचं तारेचं स्थिर वेटोळं) काळा पडून जळका वास येत असेल तर तो भरावा, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यावा लागणार, तिथं मात्र आधी भाव विचारा, कधीकधी भंगारातला चालू पीस स्वस्त पडतो. तसला घेताना दुकानातच बेंचवर फिरवून व्होल्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

काहीजण मारुतीचा बसवतात, चालतं, पण पुली सरळ रेषेत येते का बघा आणि डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असेल तर जास्त अँपिअरचा लावून तो मीटर आणि जुनं वायरिंग जाळून घेऊ नका. अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीच्या डायनॅमोची गाडी असेल तर त्याचा जुना कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा रिले) पण काढावा लागतो.

आणि चार्जिंग बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढून दाखवणारा मिस्त्री भेटला तर तिथनं गाडी हलवा, डायोड त्यानंच उडतात.

पट्टा अंगठ्यानं दाबला की सेंटीमीटरभर दबला पाहिजे. नवा असेल तर जोतिबाला एक फेरी मारून आल्यावर परत ताणा, सुरुवातीला सैल पडतोच.