अंगणवाडीचा नळ आणि दोन खाती

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडीच्या नळाला आठ महिने पाणी नव्हतं. मदतनीस मावशी शेजारच्या बोअरवरून दोन कळशा आणायच्या, त्यातच पोरांचं पिणं आणि भात-सांबार. पंचायतीत गेलो की म्हणायचे, अंगणवाडी महिला-बाल कल्याण खात्याची, तिकडं जा. तिकडं गेलो की, पाणी पंचायतीचं! मी दोन्हीकडं वेगवेगळे अर्ज देत बसलो, हीच चूक झाली.

शेवटी वॉर्ड सभेत विषय काढला. आमच्याकडं सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. पण कागद हलतो तो पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या टेबलावरून. त्यांना म्हटलं, "साहेब, खात्याच्या सुपरवायझर मॅडम येतील त्या दिवशी पाच मिनिटं अंगणवाडीत या."

दोघं एकाच वेळी नळापाशी उभे राहिले आणि निम्मं भांडण तिथंच मिटलं. वॉटरमनने खणून दाखवलं: रस्ता करताना जोडणीच तुटलेली. म्हणजे पाणी कुणाचं हा प्रश्नच नव्हता!

मग एकच अर्ज केला, कन्नडमध्ये (भाचीने लिहून दिला), वर सीडीपीओ (खात्याचे बाल विकास प्रकल्प अधिकारी) आणि पंचायत दोघांची नावं, खाली पालकांच्या सह्या, आणि पोच घेतली. ग्रामसभेत ठराव घातला. ठरावाला कन्नडमध्येही 'ठरावु'च म्हणतात, तेवढी एक अडचण वाचली. पाईप पंचायतीने टाकला, टाकीचं खात्याकडून अजून यायचंय.