अँबियंट संगीत ऐकताना आवाज किती ठेवावा

अँबियंट संगीत, म्हणजे परिसराच्या आवाजांत मिसळून जाणारे संथ संगीत, पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर आधी आवाजाची पातळी ठरवावी. हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि आवाज इतका उतरवावा की पंख्याची घरघर, खालून जाणारी रिक्षा आणि स्वयंपाकघरातला नळ हे सगळे संगीताच्या बरोबरीने ऐकू येईल. एखादा स्वर मधूनच हरवला तरी आवाज वाढवू नये.

या सल्ल्याचे मूळ १९७५ सालच्या एका प्रसंगात आहे. ब्रायन ईनो हे इंग्लिश संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले असताना एका मैत्रिणीने त्यांना अठराव्या शतकातील हार्पवादनाची तबकडी आणून दिली. ती गेल्यावर त्यांनी मोठ्या कष्टाने तबकडी लावली आणि परत आडवे झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आवाज फारच कमी आहे, शिवाय स्टिरिओची एक बाजू बंद आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नसल्यामुळे ते तसेच ऐकत राहिले, आणि पावसाच्या आवाजात मिसळलेले ते अर्धवट संगीत त्यांना खोलीतल्या उजेडासारखे, परिसराचाच एक भाग वाटू लागले.

सुरुवातीला त्यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममधील दुसरी रचना घ्यावी. तिच्यात मानवी आवाजातील सुटे, लांब स्वर टोके जोडलेल्या ध्वनिफितींच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर फिरत राहतात. एक स्वर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळपास सव्वीस सेकंदांनी आणि तिसरा तिसाच्या आसपास, त्यामुळे त्यांची गाठ दर वेळी निराळ्या जागी पडते. मी आधी एकच स्वर निवडतो, तो दोन-तीनदा परतेपर्यंत त्याच्याकडेच कान ठेवतो आणि मग त्याला सोडून देतो. हे केल्यावर उरलेले स्वर आपोआप वेगळे ऐकू येऊ लागतात.

तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला येथे एक अडचण येते, आणि मला ती बराच काळ आली. तानपुरा झंकारू लागला की आपण नकळत गायकाच्या षड्जाची वाट पाहतो, पण या संगीतात कोणी गायक यायचा नसतो. पहिल्या पाच-सात मिनिटांत येणारा कंटाळा बहुधा त्या वाट पाहण्याचाच असतो, म्हणून तेवढ्यात रचना बदलू नये. हातात भाजी निवडण्यासारखे संथ काम असले तर हा काळ सहज निघून जातो. वाचन मात्र टाळावे, कारण शब्द कानाची जागा घेतात.

वेळ कोणतीही चालते, मला पावसाळ्यातली दुपार आवडते. रचना संपल्यावर लगेच दुसरी लावू नये. पुढची काही मिनिटे पंख्याचा आवाजही सुरात लागल्यासारखा ऐकू येतो, आणि मी तो पुरता ओसरेपर्यंत जागेवरून उठत नाही.